टपावरचे महिने

“पोत्यात काय आहे?”

एकतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल, त्याची नोंद कुठल्याच वे-बिलात नाही. लगेजचं तिकीट फाडायचं तर विचारावंच लागतं. समोरचा आधी पोत्याकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि वजन निम्म्यावर आणून सांगतो, “काही न्हाई वो मास्तर, लेकीला जराशी जवारी चाललीय.” जराशी म्हणजे चांगली पन्नास किलो. १९८७ साली मी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. नोकरी सगळी परभणी विभागात, त्यातली बरीचशी जिंतूरकडच्या गाड्यांवर. घरी भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असायचं, पण ते बायकोच्या कामाचं. दूधवाल्याचे खाडे, गॅसची तारीख, उपास, सगळं तिच्या अक्षरात त्यावर. मला महिना कळायचा तो पोत्यावरून.

‘सीताफळं’ असं उत्तर आलं की दिवाळी तोंडावर. जिंतूरच्या वरच्या अंगाला डोंगर आहेत, तिथून बायका पाट्या घेऊन यायच्या. पाटीत खाली सागाची पानं, त्यावर फळं, वर पुन्हा पानं. टपावर चढवू द्यायच्या नाहीत. एका खड्ड्यात सगळा माल फुटतो म्हणून पाटी पायांशीच पाहिजे. मग मी पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला जाताना पाट्यांवरून असा चालायचो, जसा पुरात ओढा ओलांडतोय. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी दोन दिवस गाडीत आघाडा, केना, दोडकी, भोपळ्याची फुलं. मृगाच्या आधी बियाण्याच्या थैल्या. त्या कुणी टपावर देत नसे, मांडीवर लेकरासारख्या धरून बसायचे. वैशाखात घागरी, रुखवत, सोऱ्या, शेवयांचं यंत्र, आणि एकदा तर अख्खी बाज. २०१६ च्या उन्हाळ्यात मात्र टपावर नुसत्या रिकाम्या घागरी आणि कॅनच असायचे. त्याचं लगेज मी कधी फाडलं नाही. नियमात बसतं की नाही, कुणी तपासलं नाही, आता सांगायला हरकत नाही.

पण खरा महिना पौष. परभणीची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी पेपरात आली की पुण्यामुंबईचे पाहुणे हसायचे, मराठवाड्यात कसली थंडी म्हणून. त्यांनी आमच्या पहाटेच्या गाडीच्या दांड्याला एकदा हात लावायला हवा होता. त्या दिवसांत गाडीत चढलं की आधी नाकाला हरभऱ्याची आंब लागायची. शेंडे खुडून आलेल्या बायकांच्या बोटांना, पदरांना तो आंबटखारट वास असायचा. तिकिटाचे पैसे हातात घेतले की माझ्याही बोटांना. हुरड्याची कणसं, बोरं, ढाळे, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. झरी येईपर्यंत मागच्या बाकावरून शेंगांचा एक पुडा पुढं सरकत सरकत माझ्यापर्यंत यायचा आणि ड्रायव्हरपर्यंत पोचेस्तोवर त्यात चारच उरायच्या.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे माझ्या नातवाला समजावून सांगावं लागलं. संध्याकाळी तालुक्याहून निघायचं, शेवटच्या गावाला रात्री पोचायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं गावातच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. ड्यूट्या बदलत राहायच्या, पण मी फिरून फिरून एकाच गावाला जायचो. जिंतूर तालुक्यातलं, येलदरीच्या तलावाकडचं गाव. नाव लिहीत नाही. तिथल्या ज्या घरानं आम्हाला वर्षानुवर्षं जेवू घातलं, त्या घराला हे लिहिलेलं आवडेल की नाही, मला ठाऊक नाही.

उन्हाळ्यात आम्ही टपावर झोपायचो. दिवसभर तापलेला पत्रा रात्री दहापर्यंत हात लावू देत नसे. ड्रायव्हर त्यावर दोन बादल्या पाणी मारायचे, नंतर नंतर गावात पाण्याची ओढ दिसू लागल्यावर त्यांनीच ते बंद केलं. मग ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, उशाला तिकिटांची पेटी. पेटी उशाला घेण्यात प्रेम वगैरे काही नव्हतं, कॅश होती. ड्रायव्हरच्या छातीवर छोटा रेडिओ, त्यावर आकाशवाणीचं परभणी केंद्र. तलावाकडून वारा आला की रेडिओ खरखरायचा आणि ते त्याला दमात घ्यायचे. चांदणं असं असायचं की त्या उजेडात मी वे-बिलाची बेरीज ताडून बघितलेली आहे. माणसं पैसे देऊन डोंगरात तंबू ठोकून राहतात असं हल्ली ऐकतो. मला त्याच गोष्टीचा नाइट भत्ता मिळत होता.

हिवाळ्यात गाडीतच झोपायचं, मागच्या लांब बाकावर. पहिल्या वर्षीच्या मार्गशीर्षात मी घरून एक पातळ चादर घेऊन गेलो होतो. रात्री कुणीतरी काचेवर टिचक्या मारल्या. बघतो तर ज्यांच्या घरी जेवलो त्या आजी, हातात वाकळ. “हे घ्या मास्तर. सकाळी मेलेलं मानूस गाडीतून न्यायला बरं नसतंय.” ती वाकळ पुढं अनेक हिवाळे माझ्या अंगावर होती. तिच्यातला कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे आजी अंधारातही बोटानं चाचपून सांगायच्या. हा सासूचा. हा माझ्या लग्नातला. हा धाकट्या सुनेचा, बाजारू आहे, लवकर विरला.

आजींचं घर माळवदाचं. भिंतीतच ज्वारीचं बळद; वरून भरायचं, खालच्या भोकातून लागेल तशी काढायची आणि भोकात चिंधीचा बोळा. तुरीला, मुगाला गोवरीची राख चोळून, कडुनिंबाचा पाला घालून डेऱ्यात. त्या घरात बाहेरून येणाऱ्या वस्तू मी मोजल्या होत्या, कारण त्या बहुतेक माझ्याच गाडीनं यायच्या: मीठ, चहा, साखर, रॉकेल, काडेपेटी, कापड, औषध. बाकी सगळं शिवारातलं. आणि बाहेर टाकायच्या वस्तू? उकिरड्यावर जे जायचं ते वर्षानं शेतात. मोरीचं पाणी केळीला. फुटलेल्या रांजणाच्या बुडात कोंबड्यांचं पाणी. करडईचं तेल घाण्यावरून काढून आणलं की पेंड गुरांना. एकदा माझा चष्मा तुटला, तर आजींच्या मुलानं दोऱ्यानं तो असा बांधून दिला की पुढं पाच महिने परभणीत कुणी विचारलं नाही.

तेव्हा मला ही सगळी गरिबी वाटायची. उगाच कशाला खोटं बोलायचं? परभणीत माझं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मिक्सर घेतलेला, पुढं फ्रीज घ्यायचा विचार. आजींकडं जेवताना मनात यायचं, यांचं कधी होणार.

गाडीच्या पोटातला बदल मला आधी झाडूमुळं कळला. पहाटे निघण्याआधी गाडी झाडून घ्यायची आमची पद्धत होती. ड्रायव्हर इंजिन बघायचे, मी झाडू मारायचो. सुरुवातीच्या वर्षांत पौष-माघात बाकांखाली काय निघायचं? तुरीच्या शेंगांची टरफलं, हरभऱ्याचे घाटे, बोराच्या आठोळ्या, उसाच्या चोयट्या, भुईमुगाची फोलपटं. दार उघडं ठेवलं की गावातल्या दोन शेळ्या स्वतःहून पायऱ्या चढून आत यायच्या आणि मधल्या जागेतून शिस्तीत मागपर्यंत खात जायच्या. आठोळ्या राहायच्या, त्या मी झाडायचो. काळ्या रंगाची होती ती तर ठरलेल्या वेळेला येऊन दाराशी उभी असायची. ड्रायव्हर तिला म्हणायचे, “या, चेकर आले.”

मग पुड्या आल्या. आधी सुपारी-गुटख्याच्या, मग शाम्पूच्या, मग वेफर्सच्या, कॅरीबॅगा, पाण्याच्या बाटल्या. कुठल्या वर्षी ते नाही सांगता येणार, अशा गोष्टींना तारीख नसते. एक दिवस शेळी चढली, दोन बाकं हुंगली आणि उतरून गेली. नंतर तिला हाकलावं लागायचं, कारण ती मिठाच्या चवीनं वेफर्सची पुडी चघळायची. मी झाडलेलं सगळं स्टँडच्या मागं ढकलत होतो. सगळेच ढकलत होते. ज्या वर्षी मी निवृत्त झालो, त्याच वर्षी २३ मार्चला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. माझ्या निरोप समारंभात चहा कागदी कपात होता. हार मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला मी पाहिला.

दुसरा बदल टपावर झाला आणि त्याचं कारण मला फार उशिरा उमगलं. पोती कमी झाली. लोकांकडं मोटारसायकली आल्या, जीप आल्या, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं. शिवारात सोयाबीन आलं. आधी ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई, तीळ असं सगळं थोडं थोडं असायचं. त्यातलं घरी ठेवायचं, लेकीला द्यायचं, शिकणाऱ्या पोराला पाठवायचं, बहिणीच्या घरी पोचतं करायचं. सोयाबीनचं पोतं लेकीकडं कुणी नेत नाही. कापसाचंही नाही. ते रानातून थेट अडतीला जातं, तिथून त्याचे पैसे होतात, आणि पैसे खिशात मावतात. त्यांना लगेज लागत नाही. माझ्या लगेजच्या तिकिटांचा रकाना ज्या वेगानं रिकामा होत गेला, त्यावरून जिल्ह्यातली ज्वारी किती उरली याचा अंदाज मी एखाद्या तलाठ्याइतका बिनचूक दिला असता.

मी शेतकऱ्यांना नावं ठेवत नाही. सोयाबीननं पोरींची लग्नं झाली, माळवदं जाऊन स्लॅब पडले. आजींच्या घरावरही पडला. बळद पाडून तिथं टीव्हीचं कपाट झालं. आणि गंमत बघा, आता परभणीच्याच विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीची पाकिटं, लोह आणि जस्त जास्त म्हणून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लोक शोधत फिरतात. आमच्या घरी ‘परभणी मोती’ लागते. बायको भाकरी करताना पिठावरून ओळखते, दुकानदारानं फसवलं की नाही ते.

डब्यांचंही सांगायला हवं. पहाटेच्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर वीस-बावीस डबे असायचे. परभणीत खोली करून शिकणाऱ्या पोरांचे. झाकणावर पेंटनं नाव, कडीला फडकं. मी डबे कधी उघडले नाहीत, पण बॉनेटच्या उबेनं वास सुटायचा आणि कुणाच्या घरी आज काय, ते बोरीच्या आधीच गाडीभर व्हायचं. श्रावणात तांदुळजा, थंडीत अंबाडी नाहीतर करडईची भाजी, चैत्रात कैरी. स्टँडवर पोरं उभी. त्यातला एक पुढं तहसीलदार झाला, असं त्याच्या आईनं मला तिकीट काढताना सांगितलं आणि सुट्टे पैसे परत मागितले नाहीत.

निवृत्त झाल्यावर मला शहाणपण सुचलं. सुचणारच, हाती वेळ भरपूर आणि पेन्शन कमी. टीव्हीवर, पेपरात पर्यावरणाचं काहीबाही वाचायचो आणि म्हणायचो, अरे, हे तर आपण रोज बघत होतो. मी घरात व्याख्यानं सुरू केली. माझा आवडता विषय डिझेल. परभणी-जिंतूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला साडेचार धरली तरी दहा लिटर. आत साठ माणसं, म्हणजे माणशी दोन कप चहाएवढं डिझेल. तेच माणूस मोटारसायकलवर एकटं गेलं तर जवळजवळ लिटरभर पेट्रोल. जून २०२२ मध्ये पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची विजेवरची शिवाई धावली तेव्हा मी हे गणित पुन्हा सगळ्यांना ऐकवलं. मुलगा म्हणाला, “बाबा, पण ती साठ माणसं पाहिजेत ना गाडीत.” यावर मी काही बोललो नाही.

डिझेलवरून मग आजींच्या घरावर यायचो. राख, वाकळ, केळीचं पाणी, बळद. बायको ऐकून घ्यायची. एक दिवस लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, “पाणी कोण आणायचं तिथं?”

मी म्हणालो, “सुना.”

“आणि दळायला?”

“गिरणी झाली होती नंतर.”

“त्याच्या आधी?”

पहाटे साडेपाचला गाडी सुरू करून आम्ही दिवे लावायचो, तेव्हा त्या उजेडात विहिरीकडून येणाऱ्या बायकांची रांग दिसायची. डोक्यावर दोन, कमरेला एक घागर. मला ते दृश्य आवडायचं. मी ते बायकोला पूर्वी अनेकदा वर्णन करून सांगितलंही होतं. मध्ये कधी मनात आलंच नाही की रांगेतली धाकटी सून मला रात्री दहाला गरम भाकरी वाढून गेली होती. ती झोपली कधी?

तर, २०१९ च्या उन्हाळ्यात मी जाहीर केलं की यंदा कुरडया मी करणार. बायकोनं फक्त मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं वैशाख उन्हात काय काय केलं होतं: कुरडया, पापड, खारोड्या, सांडगे, वर्षाची तूरडाळ, काळा मसाला, येसर. मी त्या दिवसांत बहुधा कुठल्यातरी टपावर चांदणं बघत होतो.

कुरडईला गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याकडं गप्पा मारत बसलो आणि पाणी बदलायचं राहिलं. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा शेजारच्या बाई गॅलरीत येऊन नालीकडं बघू लागल्या. ते गहू केळीच्या बुडाशी पुरले. दुसरी खेप नीट भिजवली. वाटले, पिळले, गाळले, चीक रात्रभर निवळत ठेवला. पहाटे चारला उठून वरचं पाणी ओतलं, आधण ठेवलं, मीठ-हिंग घातलं. चीक ओतायला एक माणूस आणि हाटायला एक. बायको ओतायला उभी राहिली. पहिली दोन मिनिटं मला वाटलं, यात काय आहे. मग तो घट्ट व्हायला लागला. लाटण्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटतं. थांबलं तर गुठळी, जोर केला तर फुटाणा उडतो तसा चीक उडतो आणि चिकटला की कातडीसकट निघतो. माझ्या मनगटावर तीन ठिकाणी उडाला. तेव्हा बायकोच्या मनगटाकडं पाहिलं. जुने, पांढरट पडलेले डाग होते. मला ते बांगड्यांचे वाटत आले होते.

सात वाजेपर्यंत सोऱ्यातून पाडून झाल्या. तिच्या कुरडया फुलासारख्या, माझ्या पक्ष्याच्या घरट्यासारख्या. तळल्यावर मात्र फुलल्या. आणि हो, वाळवण घातलं होतं ते प्लास्टिकच्या कागदावर. पूर्वीची जुनी धोतरं आता घरात नाहीत.

तेव्हापासून व्याख्यानं बंद झाली नाहीत, पण आधी काम मग बोलणं असं ठरलं आहे. ओला कचरा माझ्याकडं. गॅलरीत दोन माठ आहेत, बुडाला भोकं पाडलेले; सुका पाला, भाजीची देठं, ताक-पाणी. पहिल्या पावसाळ्यात आळ्या झाल्या तेव्हा शेजारच्या बाई पुन्हा गॅलरीत आल्या होत्या. तूर मी भिजवतो, वाळवतो, भरडायला नेतो. कूलरला वाळ्याचे ताटवे मी बसवतो. त्या ताटव्यांवर पहिलं पाणी पडलं की जो वास येतो, त्यासाठी एप्रिल सोसावा असं माझं मत. बायकोचं मत असं की एप्रिल कशासाठीच सोसू नये.

प्रवासही तेव्हाच सुरू झाला. बायकोनं आयुष्यात एसटीनं माहेर आणि पंढरपूर याशिवाय फारसं काही पाहिलं नव्हतं. कंडक्टरची बायको असून. नोकरीत मी हजारो लोकांना एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास समजावून सांगितला, सात दिवस, चार दिवस, कुठंही फिरा. स्वतः कधी काढला नाही. आम्ही ठरवलं, लांब नंतर जाऊ, आधी जिल्हा. तो उरकेपर्यंत लांबचं राहूनही गेलं तर चालेल. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बाहेरच्यांनी कशाही अर्थानं वापरू दे, आम्ही ती शब्दशः घेतली. निवृत्तांना मिळणारा पास नसलेल्या महिन्यात मार्च २०२३ पासून तिचं अर्धं तिकीट आणि माझं पूर्ण. तिकीट तीच काढते. कंडक्टरला सांगते, “एक महिला आणि एक हे.”

घरून डबा, तांब्याची बाटली, दिवसाउजेडी परत. आणि गाव त्याच्या महिन्यात गाठायचं. चारठाण्याला मार्गशीर्षात गेलो. तिथली जुनी देवळं आणि दगडी दीपस्तंभ कोवळ्या उन्हात बघावेत. उन्हाळ्यात त्या दगडांजवळ उभं राहवत नाही. सेलू तालुक्यात वालूरला पाऊस संपता संपता. तिथली बारव गोल आहे आणि पायऱ्या गोगलगाईच्या शंखासारख्या फिरत खाली जातात. गावकऱ्यांनीच ती गाळातून साफ केली. बायको अर्ध्यापर्यंत उतरली आणि म्हणाली, “भरलेली घागर घेऊन फिरत फिरत वर यायचं म्हणजे चक्कर येत असेल.” मी मोबाइलवर फोटो काढत होतो, तो काढायचा राहिला.

गंगाखेडला गेलो ते आषाढात, पालख्या गेल्यानंतर, गर्दी ओसरल्यावर. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशीच पुढं जाते. नोकरीत त्या दिवसांत मला घर दिसायचं नाही. गोदावरीला नवं पाणी आलं होतं, गढूळ, वेगाचं. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. देवळात बसलो होतो. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पूर्वीच्या बायका दळता दळता ओव्या म्हणायच्या, आता मिक्सरच्या आवाजात ते गेलं बघ.” बायको बराच वेळ नदीकडं बघत होती. मग म्हणाली, “जनीला दळू लागायला देव तरी आला होता.”

परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली. मी पोखर्णी येईपर्यंत काही बोललो नाही.

गेल्या पौषात आम्ही त्या मुक्कामाच्या गावाला गेलो. तिला ते घर बघायचंच होतं. आता तिथं मुक्कामी गाडी नाही. घरटी मोटारसायकल आहे, रात्रीच्या गाडीला माणूस मिळत नाही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटी सून आता स्वतः आजी. तिनं मला ओळखलं नाही, आवाज ओळखला. “मास्तर हाव ना तुम्ही? चिल्लर न्हाई म्हणायचे ते?” नळ दारात आला आहे, एक दिवसाआड येतो. ती बायकोला घेऊन आत गेली आणि दोघी तासभर बाहेर आल्या नाहीत. काय बोलल्या, मला सांगितलं नाही. वाकळीचं विचारलं तर म्हणाली, फाटली, मग तिची पायपुसणी केली, मग तीही गेली.

रानात तुरीचे दोन तास अजून ठेवलेत, सोयाबीनच्या कडेनं. निघताना तिनं उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली. कापडी. “पिशवी परत आणा,” असंही सांगितलं.

गाडीत आम्ही त्या खात बसलो. कंडक्टर तरुण होता, मशिनमधून तिकीट काढून पुढं गेला. पिशवीत काय आहे, त्यानं विचारलं नाही. मी सवयीनं टरफल बाकाखाली टाकलं आणि बायकोनं माझा हात धरला. माझ्या खिशातला रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि जिंतूर येईपर्यंत दोघांची टरफलं त्यात गोळा केली. खाली टाकलेलं एक टरफलही मला वाकून उचलायला लावलं.

जिंतूरच्या स्टँडवर परभणीची गाडी लागायला अर्धा तास होता. उसाच्या गाड्याजवळ एक शेळी बांधलेली होती. बायकोनं तिच्यापुढं रुमाल सोडला. शेळीनं एकदा हुंगलं, मग खाली मान घालून सगळं संपवलं, देठांसकट. बायकोनं रुमाल झटकला. त्याला चिकट, खारट डाग पडले होते. घडी करून तिनं तो माझ्या हातात दिला.

“घरी गेल्यावर धुवा,” म्हणाली. “मशीनमध्ये टाकू नका.”